स्प्रेडशीटमधील जोडलेल्या व अंतर्भूत फायली

स्प्रेडशीटमध्ये दुसऱ्या फाइलीतील माहिती वापरण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत : जोडणी आणि अंतर्भाव. जोडणीत, जिला कार्यालयीन व्यवहारात सर्रास ‘लिंक’ म्हटले जाते, माहिती मूळ फाइलीतच राहते. घेणाऱ्या फाइलीत फक्त तिचा पत्ता आणि शेवटच्या वेळी वाचलेले मूल्य साठवले जाते. अंतर्भावात, म्हणजे फाइल ‘एम्बेड’ करताना, मूळ फाइलीची प्रत घेणाऱ्या फाइलीच्या पोटात ठेवली जाते आणि त्या क्षणापासून त्या प्रतीचा मूळ फाइलीशी संबंध उरत नाही. पडद्यावर दोन्ही प्रकारांनी आणलेला आकडा किंवा तक्ता सारखाच दिसतो. मूळ फाइल बदलली, हलवली किंवा नष्ट झाली की मात्र दोहोंचे वर्तन पूर्णतः वेगळे होते. स्प्रेडशीटमधील अनेक चुका हा फरक लक्षात न आल्यामुळे होतात.

या दोहोंपेक्षा वेगळा तिसरा प्रकार म्हणजे हायपरलिंक. तिच्यात केवळ पत्ता असतो, मूल्य नसते. तिच्यावर टिचकी मारल्यास दुसरी फाइल उघडते, इतकेच. पंचनाम्याच्या यादीतील प्रत्येक घरासमोर त्या घराच्या छायाचित्राची हायपरलिंक दिल्यास यादी हलकी राहते, परंतु छायाचित्रांचा फोल्डर सोबत न पाठवल्यास ती निरुपयोगी ठरते.

पूर्वपीठिका

एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. महाराष्ट्रातील महसुली दप्तरात गाव नमुना सहा ही फेरफार नोंदवही असते आणि गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तो प्रथम फेरफार नोंदवहीत चढतो, प्रमाणित होतो आणि मग सातबाऱ्यावर त्याचा फेरफार क्रमांक लिहून खातेदाराचे नाव बदलले जाते. संपूर्ण फेरफार सातबाऱ्यावर उतरवला जात नाही. उतरतो तो क्रमांक आणि परिणाम. हे जोडणीचेच कागदी रूप होय. याउलट एखाद्या अर्जाला सातबाऱ्याची नक्कल जोडली तर ती नक्कल त्या तारखेची राहते. पुढे दहा फेरफार झाले तरी अर्जासोबतचा कागद बदलत नाही. हा अंतर्भाव. नकलेवर तारीख आणि सही का घेतात, याचे कारणही यातच आहे. संगणकीय अंतर्भावात तारीख व सहीची ही शिस्त आपोआप येत नाही.

इतिहास

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये आणलेली व्हिजिकॅल्क ही वैयक्तिक संगणकावरील पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट होती. तिच्यात सगळा हिशेब एकाच शीटवर मांडावा लागे. मायक्रोसॉफ्टच्या १९८२ मधील मल्टिप्लॅनमध्ये एका शीटमधील मूल्ये दुसऱ्या फाइलीतील शीटमध्ये आणण्याची सोय आली. लोटस १-२-३ (१९८३) आणि एक्सेल (१९८५, प्रथम मॅकिंटॉशवर) यांच्या स्पर्धेच्या काळात ही सोय सर्वसाधारण झाली.

दोन भिन्न प्रकारच्या प्रोग्रॅममध्ये, उदाहरणार्थ स्प्रेडशीट आणि शब्दप्रक्रियक यांच्यात, माहिती वाहती ठेवण्यासाठी विंडोज प्रणालीत १९८७ मध्ये डीडीई ही यंत्रणा आली. तिच्या पायावर १९९० मध्ये ओएलई ही यंत्रणा तयार झाली. या संक्षेपाचा अर्थच ‘वस्तूंची जोडणी आणि अंतर्भाव’ असा आहे. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून अंतर्भूत तक्ता ज्या दस्तऐवजात आहे तिथेच उघडून संपादित करता येऊ लागला. मराठी कार्यालयांत आज ‘ऑब्जेक्ट टाकणे’ म्हणून जे चालते ते याच यंत्रणेचे फलित आहे.

जोडणीची रचना

एक्सेलमध्ये बाह्य जोडणी हे एक सूत्र असते. बरोबरचे चिन्ह, चौकटी कंसात मूळ फाइलीचे नाव, त्यानंतर शीटचे नाव, उद्गारचिन्ह आणि शेवटी सेलचा पत्ता असा त्याचा क्रम असतो. मूळ फाइल उघडी असताना एवढेच दिसते. ती बंद केली की चौकटी कंसाच्या आधी फोल्डरचा पूर्ण मार्गही दिसू लागतो. हे सूत्र हाताने टंकण्याची गरज नसते. दोन्ही फायली उघड्या ठेवून, घेणाऱ्या सेलमध्ये बरोबरचे चिन्ह टाकून मूळ फाइलीतील सेलवर टिचकी मारली की सूत्र तयार होते. मूळ सेलची नक्कल घेऊन ‘पेस्ट लिंक’ हा पर्याय निवडल्यासही तेच घडते.

या सूत्रासोबत फाइलीत आणखी एक गोष्ट साठवली जाते, ती म्हणजे मूळ सेलमधून शेवटी वाचलेले मूल्य. एक्सेलच्या २००७ पासूनच्या फायली प्रत्यक्षात अनेक लहान फायलींची एकत्र केलेली झिप गाठोडी असतात. त्यांत बाह्य जोडण्यांसाठी एक स्वतंत्र कप्पा असतो आणि वाचलेली मूल्ये त्यातच राहतात. म्हणूनच मूळ फाइल हाताशी नसतानाही जोडलेला आकडा दिसत राहतो. ही सोय आहे, तसाच धोकाही. आकडा आजचा की गेल्या आठवड्याचा, हे सेलकडे पाहून कळत नाही.

पत्त्याबाबत एक बारकावा उपयोगी पडतो. दोन्ही फायली एकाच फोल्डरात असतील तर एक्सेल त्यांचे परस्परसापेक्ष स्थान लक्षात ठेवते. संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर ठेवल्यास जोडणी टिकते. एकच फाइल उचलून व्हॉट्सॲपवर पाठवली, तर ती पाहणाऱ्याला फक्त साठवलेली जुनी मूल्ये दिसतात. उघडताना येणाऱ्या सूचनेवर त्याने ‘अपडेट’ निवडले तरी मूळ फाइल सापडत नाही आणि पुढे चालू ठेवल्यास जुनेच आकडे राहतात.

सगळी सूत्रे बंद फाइलीतून वाचू शकत नाहीत. साधा सेलचा पत्ता, व्हीलुकअप, इंडेक्स आणि समप्रॉडक्ट ही सूत्रे बंद फाइलीतही चालतात. समइफ आणि काउंटइफ मूल्यदोष दाखवतात. इनडायरेक्ट संदर्भदोष दाखवते. तयार करताना दोन्ही फायली उघड्या असल्यामुळे सगळे ठीक दिसते आणि दुसऱ्या दिवशी एकटी संकलन फाइल उघडली की रकाना दोषांनी भरतो, याचे नेहमीचे कारण हे असते.

उदाहरण : सावित्री खोऱ्यातील पर्जन्यनोंदी

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर हे तालुके सावित्री नदीच्या खोऱ्यात येतात. नदीचा उगम महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्ह्यात आहे. ती पोलादपूरवरून महाडकडे येते, महाड परिसरात गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी तिला मिळते आणि बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला जाते. महाडच्या पुराचा अंदाज करायचा तर केवळ महाडचा पाऊस पुरत नाही. पोलादपूरचा आणि महाबळेश्वरचाही लागतो. म्हणजे किमान तीन ठिकाणी, दोन जिल्ह्यांत नोंदले जाणारे आकडे एका तक्त्यात यावे लागतात. जोडलेल्या स्प्रेडशीटचा उपयोग नेमका अशा ठिकाणी होतो आणि तिचे दोषही इथेच ठळक दिसतात. पुढील रचना विषय समजावण्यासाठी घेतलेली आहे. ती कोणत्याही विशिष्ट कार्यालयाची नाही.

प्रत्येक तालुक्याची एक फाइल आहे. तिच्यात महसूल मंडळनिहाय ओळी आणि तारखांचे रकाने आहेत. संकलन फाइलीत या सगळ्या फायलींतील आजचा रकाना जोडलेला आहे. जिल्ह्यात १५ तालुके असल्याने संकलन फाइलीला रायगडपुरत्याच १५ मूळ फायली लागतात, महाबळेश्वरची धरून १६. यातली शेवटची फाइल दुसऱ्या जिल्ह्यातील लोक सांभाळतात. तिचे नाव किंवा रचना बदलताना ती इकडे जोडलेली आहे याची त्यांना कल्पना असेलच असे नाही. जोडणी एकतर्फी असते. घेणाऱ्या फाइलीला मूळ फाइल माहीत असते, मूळ फाइलीला घेणारी फाइल माहीत नसते.

पहिली अडचण तारखेची. हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेने नोंदला जातो. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तो पाऊस मुख्यतः २२ जुलैचा होता. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली आणि महाड शहर पुराखाली होते. अशा दिवसांत एका फाइलीने पावसाचा दिवस धरला आणि दुसरीने नोंदीची तारीख धरली, तर संकलन तक्त्यात दोन वेगळे दिवस शेजारी बसतात. जोडणी आकडा आणते. आकड्याचा अर्थ आणत नाही.

दुसरी अडचण रिकाम्या सेलची आहे आणि ती अधिक फसवी आहे. मूळ सेल रिकामा असेल तर एक्सेलमधील जोडणी शून्य दाखवते. पर्जन्यमापकापर्यंत कोणी पोहोचू शकले नाही, वीज गेली, मोबाइलचे जाळे बंद पडले, म्हणून अहवाल आला नाही, तर तालुक्याच्या फाइलीतील सेल रिकामा राहतो. संकलन फाइलीत मात्र तिथे ‘०’ उमटतो, म्हणजे पाऊस झालाच नाही असा त्याचा अर्थ होतो. आणि नोंद न येण्याचा संभव सर्वाधिक असतो तो नेमका सर्वाधिक पावसाच्या दिवशी. यावर उपाय सोपा आहे : सूत्रात आधी मूळ सेल रिकामा आहे का हे तपासावे आणि तसे असल्यास ‘अहवाल नाही’ असे शब्द दाखवावेत. अशा सेलमधील शब्द बेरजेत धरले जात नाहीत, त्यामुळे बेरजेशेजारी किती मंडळांचे अहवाल आले हेही मोजून दाखवावे लागते.

ओळ सरकण्याचा दोष

जोडणीतील सर्वांत घातक चूक ती, जी कोणतीही सूचना देत नाही. समजा, तालुक्याच्या फाइलीत पाचव्या ओळीत ‘क’ मंडळ आहे आणि सहाव्या ओळीत ‘ख’ मंडळ. संकलन फाइल पाचव्या ओळीला जोडलेली आहे. दोन्ही फायली उघड्या असताना वर एक नवी ओळ घातली, तर एक्सेल जोडणीतला पत्ता आपोआप सहावर नेते. संकलन फाइल बंद असताना ओळ घातली, तर तिला हा बदल कळत नाही. पुढच्या वेळी ती पाचव्या ओळीतूनच वाचते आणि तिथे आता ‘क’ मंडळाऐवजी त्याच्या वरच्या ओळीतील मंडळ आलेले असते. दोष दिसत नाही, आकडा दिसतो, तोही पावसाळ्यात सहज शक्य वाटेल असा.

अशा चुकीची किंमत मोजता येण्याजोगी असते. राज्याच्या महसुली व्यवहारात एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी धरली जाते आणि पीकनुकसानीच्या पंचनाम्यांना व मदतीला तो आकडा आधार होतो. ‘क’ मध्ये ७१ आणि शेजारच्या मंडळात ५८ मिलिमीटर पाऊस असेल आणि ओळ एकाने सरकली, तर ‘क’ मधला भातशेतकरी कागदावर निकषाच्या बाहेर जातो. त्याच्या शेतातले पाणी खरे असते. तक्त्यातला आकडाही खराच असतो, फक्त तो दुसऱ्या मंडळाचा असतो.

यापासून बचावाचे दोन मार्ग आहेत. पहिला, मूळ फाइलीत महत्त्वाच्या सेलला नाव देणे आणि पत्त्याऐवजी त्या नावाला जोडणे. ओळ सरकली तरी नाव आपल्या सेलसोबत जाते. दुसरा, ओळीच्या क्रमांकावर न विसंबता मंडळाच्या ओळखीवरून शोध घेणे, म्हणजे व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅच यांचा वापर. त्यात शेवटचा घटक ‘अचूक जुळणी’ असा ठेवणे अनिवार्य आहे. तो सोडून दिल्यास व्हीलुकअप अंदाजे जुळणी करते आणि पुन्हा तीच शांत चूक होते.

नावांची जुळणी

ओळखीवरून शोधायचे तर ओळख एकच हवी. मराठी नावांत ती सहज मिळत नाही. महाडहून भोरकडे चढणाऱ्या घाटाचे नाव ‘वरंध’ असेही लिहिले जाते आणि ‘वरंधा’ असेही. एका फाइलीत पहिले रूप आणि दुसऱ्या फाइलीत दुसरे असेल, तर अचूक जुळणीचे सूत्र ‘सापडले नाही’ असे उत्तर देते. नावाच्या शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागाही पुरेशी असते.

याहून अवघड प्रश्न डोळ्यांना न दिसणारा आहे. ‘दऱ्या’, ‘किनाऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो : नुक्ता असलेल्या र ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द असतात. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये भरलेल्या याद्यांची गोष्ट तर वेगळीच. त्यांतील ‘महाड’ हा संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांचा व चिन्हांचा एक अर्थहीन पुंजका असतो आणि युनिकोडमधील ‘महाड’शी तो कधीही जुळत नाही.

म्हणून गावांच्या याद्या जोडताना नावाऐवजी सांकेतांक वापरणे श्रेयस्कर. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी सांकेतांक आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही गावे व ग्रामपंचायती यांना स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत. नाव वाचणाऱ्यासाठी ठेवावे आणि जुळणी क्रमांकावर करावी. दोन तालुक्यांत एकाच नावाची गावे असणे महाराष्ट्रात नवे नाही, तेव्हाही याचा उपयोग होतो.

अंतर्भाव

एक्सेलमध्ये ‘इन्सर्ट’ मेनूतील ‘ऑब्जेक्ट’ या पर्यायातून एखादी फाइल शीटवर ठेवता येते. त्याच खिडकीत ‘लिंक टू फाइल’ अशी एक चौकट असते. ती रिकामी ठेवली तर अंतर्भाव होतो, तिच्यावर खूण केली तर जोडणी. एका खुणेवर एवढा मोठा फरक अवलंबून असणे ही या रचनेची उणीवच म्हणावी लागेल.

अंतर्भूत वस्तूचे पडद्यावर दिसते ते एक चित्र असते. दोनदा टिचकी मारेपर्यंत खरी फाइल उघडत नाही. ती उघडण्यासाठी संबंधित प्रोग्रॅम त्या संगणकावर असावा लागतो, अन्यथा चित्रापलीकडे काही मिळत नाही. मोबाइलवरील आवृत्त्यांतही सहसा हीच मर्यादा येते. शिवाय ही वस्तू सेलच्या आत नसून शीटवर तरंगत असते. ओळींचा क्रम बदलला किंवा गाळणी लावली तर ती आपल्या ओळीसोबत राहीलच असे नाही. दोनशे घरांच्या यादीत प्रत्येकाचे पीडीएफ कागद अंतर्भूत करून मग यादी गावनिहाय लावली, तर कोणता कागद कोणाचा हे ठरवणे कठीण होते. अशा ठिकाणी हायपरलिंकच बरी. फाइलीचा आकार वाढणे ही त्यामानाने किरकोळ तक्रार आहे, जरी अल्प वेगाच्या जोडणीवर ती आधी जाणवते.

अंतर्भावाचे खरे बळ त्याच्या स्वयंपूर्णतेत आहे. पाठवलेला दस्तऐवज वर्षभराने, जाळे नसलेल्या ठिकाणी उघडला तरी त्यातला तक्ता तसाच मिळतो. ज्या आकड्यावर निर्णय झाला तो आकडा जसा होता तसा जपायचा असेल, तेव्हा जोडणी चुकीची आणि अंतर्भाव किंवा साधी मूल्ये योग्य.

मात्र अंतर्भाव दिसतो त्यापेक्षा अधिक वाहून नेतो. एक्सेलमधील लहानसा आलेख वर्डच्या पत्रात ‘वर्कबुक एम्बेड करा’ या पर्यायाने चिकटवला, तर आलेखासोबत संपूर्ण फाइल पत्रात जाते : इतर शीट, लपवलेली शीट, खातेदारांची नावे, बँक खात्यांचे रकाने, सर्व काही. पत्र मिळणाऱ्याने आलेखाचा विदा उघडला की ते सारे त्याच्यासमोर असते. मदतवाटपाचा आलेख प्रसिद्ध करताना लाभार्थ्यांची यादी अजाणता प्रसिद्ध होण्याचा हा मार्ग आहे. आलेख चित्र म्हणून चिकटवणे हा त्यावरचा साधा उपाय. जोडणीही या बाबतीत पूर्ण निर्धोक नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे वाचलेली मूल्ये फाइलीत साठलेली असतात.

एक्सेलमधून वर्डमध्ये आलेख नेहमीच्या पद्धतीने चिकटवला तर तो आपोआप जोडलेला असतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अहवाल लिहिणाऱ्याला आपण चित्र ठेवले असे वाटते. मूळ फाइल बदलली की सादर झालेल्या अहवालाच्या संगणकीय प्रतीतही आलेख बदलू शकतो.

इतर प्रणाली

लिबरऑफिस कॅल्कमध्ये बाह्य फाइलीतील सेलचा संदर्भ देता येतो आणि संपूर्ण पल्लाही जोडता येतो. ‘एडिट’ मेनूत बाह्य जोडण्यांची यादी मिळते. फाइल उघडताना जोडण्या नेहमी, विचारून की कधीच नाही अद्ययावत करायच्या, हे सेटिंगमध्ये ठरवता येते. ‘विचारून’ हा पर्याय बहुतेकांना सोयीचा पडतो.

गूगल शीट्समध्ये फाइल संगणकावर नसल्याने फोल्डरच्या मार्गाचा प्रश्न येत नाही. तिथे इम्पोर्टरेंज हे सूत्र मूळ शीटचा जालपत्ता आणि पल्ला घेते. पहिल्या वेळी परवानगी द्यावी लागते. मूळ शीटमध्ये केलेला बदल घेणाऱ्या शीटमध्ये त्याच क्षणी दिसेलच असे नाही. काही वेळ लागू शकतो. पुराच्या रात्री तासातासाला बदलणाऱ्या आकड्यांसाठी ही मर्यादा आधी माहीत असलेली बरी. पल्ला अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहिलेला असल्याने मूळ शीटमध्ये ओळ घातली तरी तो सरकत नाही, म्हणजे वर वर्णिलेला दोष इथे दोन्ही शीट उघड्या असतानाही घडतो. नाव दिलेला पल्ला वापरणे हाच इथेही उपाय आहे. जाळे तुटल्यास मात्र ही पद्धत फारशी कामाची राहत नाही, आणि डोंगराळ भागात जाळे केव्हा तुटते हे वेगळे सांगायला नको.

जोडण्या शोधणे व तोडणे

एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूत ‘एडिट लिंक्स’ हा पर्याय आहे. नव्या आवृत्त्यांत त्याचे नाव ‘वर्कबुक लिंक्स’ असे झाले आहे. तिथे सर्व मूळ फायलींची यादी मिळते, प्रत्येकीची स्थिती तपासता येते आणि फाइलीचे नाव किंवा जागा बदलली असल्यास नवा पत्ता देता येतो. सगळे सूत्र शोधून काढण्यासाठी चौकटी कंस शोधणे ही जुनी युक्ती अजूनही चालते. तरीही फाइल उघडताना जोडणीची सूचना येतच राहिली तर ती जोडणी सेलमध्ये नसून नावांच्या यादीत, आलेखात, सशर्त स्वरूपणात किंवा भरण्याच्या नियमांत लपलेली असते.

‘ब्रेक लिंक’ या आज्ञेने सूत्राच्या जागी त्याचे मूल्य कायमचे बसते. ही क्रिया उलटवता येत नाही, त्यामुळे ती नेहमी प्रतीवर करावी. वर्डमध्ये जोडलेला तक्ता एफ-९ कळीने अद्ययावत होतो आणि कंट्रोल, शिफ्ट व एफ-९ या तीन कळा एकत्र दाबल्यास जोडणी तुटून मजकूर गोठतो.

सुरक्षितता

फाइलीच्या पोटात दुसरी फाइल ठेवता येते, याचा गैरवापरही झाला आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘सँडवर्म’ हल्ल्यात सादरीकरणाच्या फायलींमधील ओएलई वस्तूंमार्फत घातक प्रोग्रॅम चालवले गेले. २०१७ मध्ये डीडीई या जुन्या यंत्रणेचा असाच वापर वाढल्याने मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये वर्डमधील डीडीई मूलतः बंद ठेवले. फाइल उघडताना येणारी जोडणीविषयीची सूचना यासाठीच असते. अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फाइलीत ‘अपडेट’ न निवडता प्रथम मूळ फायलींची यादी पाहणे हिताचे.

गाजलेल्या चुका

जोडणी टाळून हाताने आकडे उतरवणे हा सुरक्षित मार्ग वाटतो, पण तोही निर्दोष नाही. जेपी मॉर्गन या बँकेला २०१२ मध्ये सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेच्याच जानेवारी २०१३ च्या अहवालात म्हटले होते, की जोखीम मोजणारे प्रतिमान अनेक स्प्रेडशीटमधून चालत होते आणि एकीतून दुसरीत आकडे हाताने चिकटवले जात होते. उलट दिशेचे उदाहरण इंग्लंडचे. तिथे २०२० मध्ये प्रयोगशाळांकडून आलेल्या कोविडच्या नोंदी आपोआप एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत घेतल्या जात. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. उरलेल्या ओळी निमूटपणे गळल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीत आल्या नाहीत. त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही त्यामुळे लांबला. तिथेही दोषाची खूण कुठे उमटली नव्हती.

जतन

जोडलेल्या संकलन फाइलीचे आयुष्य तिच्या मूळ फायलींइतकेच असते. हंगाम संपला की तालुक्यांच्या फायलींत पुढच्या वर्षाचे आकडे भरले जातात आणि गेल्या वर्षीची संकलन फाइल कोणी अद्ययावत केली तर तिच्यात या वर्षीचा पाऊस येतो. म्हणून प्रत्येक दिवसाचा तक्ता निश्चित झाला की त्याची एक प्रत जोडण्या तोडून, नावात तारीख घालून वेगळी ठेवली जाते. अशा प्रतीत प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या फाइलीतून आणि किती वाजता घेतला, हे दोन रकाने ठेवले तर पुढे पंचनाम्याच्या वेळी वाद निर्माण झाल्यास मूळ नोंदवहीपर्यंत जाता येते.